झाकलेल्या बाटल्या, उघडा नळ

४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

काल फोनवर तू मला पुन्हा पुन्हा विचारत होतीस, "वाईट काय झालं?" आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "वाईट नाही गं, वाइन! वाइन!" बाहेर वेटिंगमध्ये बसलेल्या पेशंटांनी सगळं ऐकलं. दिवसभर लोकांच्या कानात यंत्रं बसवणारी मी, आणि सख्ख्या आत्याशी मात्र पत्रानं बोलायची वेळ. असो. यंत्रावरून भांडण आज नको. आज वेगळंच आहे.

वकिलाचा फोन आला होता. कॉलेजपासूनची आमची पाच जणांची टोळी तुला माहीत आहे: वकील, रसायनशास्त्र शिकवणारे मास्तर, लांबू इंजिनियर, भूलवाली डॉक्टर आणि मी. वर्षातून एका रविवारी आम्ही वकिलाच्या घरी जमतो. प्रत्येकानं एक महागडी कॅबर्ने, म्हणजे लाल वाइन, आणायची, आणि खिसा दुखेल अशीच आणायची, हा नियम. मग बाटल्या कापडी पिशव्यांत झाकून त्यांना नंबर द्यायचे आणि कुठली कुणाची हे न कळता चव घेऊन गुण द्यायचे. वकील दरवर्षी एक कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त बाटलीही मध्ये घुसवतो आणि कोण फसतं ते बघत बसतो. दुपारीच बसतो आम्ही, कारण रंग बघायला उजेड लागतो.

गेल्या वर्षी मी नव्हते. तुझ्याकडे होते. का होते ते तुला, मला आणि ह्याला, एवढ्या तिघांनाच ठाऊक. बाकी सगळ्यांना वाटतं की आत्या आजारी होती.

या वर्षी वकील म्हणाला, "आता आत्या ठणठणीत आहे ना? मग कारण चालणार नाही." मी "हो" म्हणून बसले. फोन ठेवला. पुढचा पेशंट एक आजोबा होते. त्यांच्या कानाचा साचा घ्यायचा होता, आणि तो मऊ लगदा कानात भरताना माझी बोटं थरथरली. प्यायले नव्हते गं. नुसत्या विचारानं.

पण मी एक तोड काढली आहे. बाटल्या झाकायचं काम मी घेतलं. जो झाकतो त्याला कुठली कुठे ते माहीत असतं, म्हणून त्यानं चव घ्यायचीच नसते. म्हणजे जायचंही आणि प्यायचंही नाही. कुणी विचारणारही नाही. कशी वाटते युक्ती?

तुझी,
खारूताई

९ ऑक्टोबर

खारूताईस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते जरा दात-ओठ खाऊन दिलेत असं समज.

तुझी युक्ती मला मुळीच आवडली नाही. पोहायचं बंद केलेल्या माणसानं नदीकाठी कपडे सांभाळायला कशाला बसायचं? पाय घसरायला वेळ लागत नाही. बाटल्या झाकशील, पण बुचं कोण काढणार? वास कोण घेणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी पस्तीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. टाके काढले की पेशंट मला म्हणायचे, "सिस्टर, आता मी खडखडीत." मी म्हणायची, "टाके वरचे निघालेत, आतलं मांस अजून कच्चं आहे. जड उचलू नका." तू जड उचलायला निघाली आहेस.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा कशी होतीस ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. मी स्वयंपाकघरात गेले की तू नळ सोडून उभी असायचीस. मी वेडी म्हणायची, पोरीला भांडी घासायची केवढी हौस! आवाजाखाली घोट लपवतेस, हे कळायला मला, एवढ्या जुन्या सिस्टरला, आठवडा लागला. म्हणून म्हणते, मला तुझ्या "तोडीं"ची भीती वाटते. तू फार हुशार आहेस, तीच पंचाईत आहे.

त्यांना सरळ सांग की मी सोडली आहे. खरे मित्र असतील तर राहतील.

जावईबापूंचं काय म्हणणं आहे? ते गप्प असतील. गप्प माणसाची मला जास्त काळजी वाटते.

आणि माझ्या नावावर एवढं मोठं दुखणं खपवलंस, ते कुठलं होतं ते तरी कळू दे. उद्या कुणी रस्त्यात भेटून विचारलं तर मला सांगता यायला नको?

आत्या

१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पित्ताशयातला खडा. माफ कर. पटकन तेवढंच सुचलं.

बाकी टोळीला ते पुरलं, पण भूलवालीनं मला पार उलटंसुलटं तपासलं होतं. भूल कुठली दिली, दुर्बिणीतून काढला की पोट उघडून, उलट्या किती झाल्या. ती भूलतज्ज्ञ, तिला फसवणं सोपं नाही. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. काळजी घे." आत्याची म्हणाली की माझी, ते मला तेव्हा कळलं नाही.

सरळ सांगायचं म्हणतेस. आत्या, तुला हे लोक माहीत नाहीत. वाईट नाहीत, पण सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर ग्लास उचलताना प्रत्येक जण आधी माझ्या तोंडाकडे बघेल. मला सरबत आणून देतील आणि आवाज खाली करून विचारतील, "कसं वाटतंय?" मला आजारी व्हायचं नाहीये. मला एक दुपार पूर्वीसारखं बसायचं आहे.

ह्याला विचारलं. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणाला. म्हणताना तो चहा गाळत होता आणि गाळणं कपावर न धरता शेजारी धरलं होतं. सगळा चहा ओट्यावर. दोघांनी मिळून पुसला. पुन्हा विषय निघाला नाही.

तुला शब्द देते. पाय घसरतोय असं वाटलं तर मी चप्पल घालून सरळ बाहेर पडेन. निरोपही घेणार नाही.

खारूताई

२७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी हे वाच: मी प्यायले नाही. एक थेंबही नाही. आता बस आणि पुढचं वाच.

काल लवकरच गेले. वकिलाच्या जेवणाच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि त्याखाली लांब टेबल. त्यावर पांढरी चादर घातली होती, रंग कळावा म्हणून. बाटल्या घेऊन मी एकटी स्वयंपाकघरात गेले. गळ्याभोवतीचं आवरण पूर्ण सोलावं लागतं, नाहीतर त्याच्या रंगावरून लोक ओळखतात. सोललं. पिशव्या चढवल्या, नंबर बांधले. आणि मग बुचं.

तू म्हणालीस तेच झालं. पहिलं बूच निघालं आणि नुकती तासलेली शिसपेन्सिल, काळ्या मनुका आणि ओलं लाकूड, असा सगळा वास एकदम अंगावर आला. तोंडाला पाणी सुटलं. लहान मुलाला सुटतं तसं. मी ओट्याची कड धरून उभी राहिले, तोंडानं श्वास घेत. तोंडानं घेतला की वास निम्मा होतो. अशी सगळी बुचं काढली. बाहेरून लांबू ओरडत होता, "अगं, बाटल्या उघडतेस की बाळंत होते आहेस?"

नंतर सोपं गेलं. मी ग्लासांत ओतत होते, ते वास घेत होते, तोंडात घोळवून डब्यात थुंकत होते आणि गुण लिहीत होते. मास्तर प्रत्येक ग्लास खिडकीकडे धरून असे बघतात जणू परीक्षानळीच. लांबूला सगळ्यांतच शिमला मिरची लागते. वकिलानं घुसवलेल्या स्वस्त बाटलीला खुद्द वकिलानंच सर्वांत जास्त गुण दिले आणि वर भाषण केलं, "ह्या तुरटपणात खानदान आहे." आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. आत्या, मी हसत होते. कोरड्या तोंडानं हसत होते, आणि खरंखुरं.

मग ते झालं.

चवीनंतर ग्लासांत उरलेलं एका मोठ्या काचेच्या जगमध्ये ओतलं जातं आणि तो जग मोरीत रिकामा करतात. एक मैत्रीण म्हणाली, "मी करते, तुम्ही बसा." जग घेऊन ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी कोरडा कपडा आणायला म्हणून तिच्या मागून गेले. दार अर्धं उघडं होतं.

नळ पूर्ण सोडला होता. खाली काहीच नव्हतं. ना ग्लास, ना भांडं. नुसतं पाणी मोरीत पडत होतं आणि ती जग दोन्ही हातांनी तोंडाला लावून पीत होती. सगळ्यांच्या ग्लासांतलं उरलेलं, एकत्र झालेलं. डोळे मिटलेले. मग तिनं जग विसळला, ओंजळीनं तोंड धुतलं, पुसलं आणि नळ बंद केला. अगदी तोच क्रम. मला तो क्रम पाठ आहे.

मी मागच्या मागे फिरले. कपडा न घेताच. ती बाहेर आली ती हसतच, आणि येऊन माझ्या शेजारी बसली.

निकाल लागला, गंमत झाली, मी घरी आले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तिचं नाव लिहीत नाही, कागदावर आलं की ते खरं होईल. पण गप्प बसणंही पाप वाटतं आहे. ती जे काम करते त्यात तिच्या हातून चूक झाली तर फार वाईट होईल. आणि मी बोलायचं म्हटलं तर मला कसं कळलं, हेही सांगावं लागेल. आत्या, अशा माणसाचं काय करायचं? तू माझं कसं केलंस?

खारूताई

३१ ऑक्टोबर

माझ्या पोरी,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि खाली बसले.

आता मी सांगते ते रागावू नकोस. "एक मैत्रीण." नळ सोडलेला. दोन्ही हातांनी धरलेला जग. तोंड धुण्याचा क्रमसुद्धा तोच. आणि पत्राची सुरुवात काय, तर "मी प्यायले नाही". मी काही काल जन्मले नाही, राणी. वॉर्डात बायका मला सांगायच्या, "सिस्टर, माझ्या शेजारणीला असा असा त्रास आहे हो, तिनं काय करावं?" मी शेजारणीसाठी औषध सांगायची आणि ते त्याच बाईच्या हातात द्यायची. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

तू पडलीस तर पडलीस. मला लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. पण लपवू नकोस. पडण्यापेक्षा लपवण्यानं माणूस जातो.

मी जावईबापूंना कळवलं आहे. तुझ्या पत्राची वाट बघत बसले असते तर उशीर झाला असता, म्हणून शेजारच्या मुलीकडून त्यांना फोन करवला. ते "बरं" म्हणाले. खोली तयार आहे. आज निघालीस तरी चालेल.

आत्या

४ नोव्हेंबर

आत्या,

काल क्लिनिकमधून घरी आले तर हा कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता. चादरी, उशांचे अभ्रे, माझे स्वेटर, सगळं जमिनीवर. माझ्या बुटांच्या आतसुद्धा हात घालून बघितलं होतं.

मी विचारलं, "काय सापडलं?"

"जुनी छत्री," म्हणाला. आणि रडायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्याला रडताना बघितलं. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. घेतलं नाही. मी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कारण मला राग आला होता, आणि राग आला की काय हवंसं वाटतं ते तुला मी सांगायला नको. तुझ्या त्या एका फोननं मला जितकं बाटलीजवळ नेलं तितकं वकिलाच्या घरातल्या सगळ्या बाटल्यांनी मिळून नेलं नव्हतं.

मी नव्हते, आत्या. ती भूलवाली होती.

आता लिहिलं नाव. झालं खरं.

भूलवाली. रोज सकाळी मोठ्या हॉस्पिटलात माणसांना झोपवणारी आणि पुन्हा उठवणारी. आमच्यात सर्वांत तरबेज नाक तिचं. डोळे मिटून बाटली ओळखायची. या वर्षी तिला स्वतः आणलेली कॅबर्नेसुद्धा ओळखता आली नाही, आणि ती नको इतकी मोठ्यानं हसली. तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं.

मी तुला खरं सांगितलं आणि तुला खोटं वाटलं. इतकं खोटं बोलले आहे मी आजवर, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण मग सांग, तूच विश्वास ठेवला नाहीस तर हॉस्पिटलातलं कोण ठेवणार?

पत्र पाठवू नकोस असं लिहिणार होते. लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

खारूताईस,

चुकलं. मोठ्या माणसांनी असं म्हणायचं नसतं असं आमच्या वेळी शिकवायचे, तरी म्हणते. चुकलं माझं. जावईबापूंनाही आज वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात फक्त एवढंच आहे की तिचं खरं होतं आणि म्हातारी घाबरट निघाली.

आता कामाचं ऐक. हे आत्या म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगते.

ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला माणूस स्वतःचा श्वाससुद्धा स्वतः घेत नसतो. तो भूलवालीच्या हातात असतो. सर्जन चुकला तर आरडाओरडा होतो, चार माणसं धावतात. भूल देणारा डुलक्या घेत असला तर कुणाला कळतही नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून इथे मैत्री दुय्यम.

आधी तिला एकटीला गाठ. सकाळी किंवा दुपारी, पण तिच्या घरी. स्वतः जाऊन वरिष्ठांना सांगायची संधी दे. एकदाच. ती रडेल, पाया पडेल, उलटून बोलेल. तू विरघळशील, कारण तुला तिच्यात तू दिसशील. विरघळू नकोस. तिनं सांगितलं नाही तर तू सांग. तुझं बिंग फुटेल म्हणून थांबलीस आणि कुणी दगावलं, तर त्यानंतर तू न पिता राहू शकणार नाहीस. हे मी लिहून देते.

जावयांना सोबत ने. एकटी जाऊ नकोस.

जाऊन आल्याचं कळव. मी इकडे जीव मुठीत धरून बसले आहे.

आत्या

२३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुझ्या जिवाची काय तगमग झाली असेल, मला कल्पना आहे. लिहायला बसायची आणि उठायची.

गेले तिच्या घरी. सुट्टीची दुपार होती. तिनं दार उघडलं, घर लखलखीत, टेबलावर पुस्तकं रचून ठेवलेली. मी लगेच सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता.

"मी तुला वकिलाच्या मोरीपाशी बघितलं."

तिला लगेच कळलं. चेहरा बदलला नाही. तिला सवय आहे गं चेहरा न बदलायची. "काय बघितलंस?"

"जग. नळ."

"एक घोट घेतला असेल. एवढं काय?"

मग मी म्हटलं, "माझ्या आत्याला खडाबिडा काही झाला नव्हता. झालं होतं ते मला. मी पण नळ सोडून प्यायचे."

मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मला तेव्हाच शंका होती. म्हणजे तुला आता सगळीकडे तेच दिसणार. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, माहीत आहे ना?"

आत्या, एक क्षण मला तेच खरं वाटलं. वाटलं, उठावं आणि माफी मागावी. तेवढ्यात ती कपात चहा ओतायला लागली आणि बशीवर कप वाजायला लागला. दोघी त्या आवाजाकडे बघत राहिलो. तिनं कप खाली ठेवला.

मी म्हटलं, "उद्या सकाळी मी तुमच्या हॉस्पिटलात येणार आहे. तू तुमच्या विभागप्रमुखांना सांगितलंस तर मी बाहेरच्या बाकावरून उठून घरी जाईन. नाही सांगितलंस तर आत जाईन."

"तू असं करणार नाहीस," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "असं करू नकोस."

खाली गाडीत हा बसला होता. मी बसल्यावर त्यानं गाडी सुरू करायला किल्ली लावली, पण माझा हात धरूनच बसला. तुझं पत्र त्याला आदल्या दिवशी मिळालं होतं. आम्ही कपाटाबद्दल अजून बोललेलो नाही. बोलू.

सकाळी बाकावर बसले. ती आली. डोक्याला हिरवी टोपी बांधता बांधता माझ्यासमोरून गेली. मला बघून क्षणभर थबकली आणि प्रमुखांच्या खोलीच्या दारापाशी गेली. मी मनात म्हणत होते, ठोठाव, ठोठाव. ती पुढे निघून गेली. ऑपरेशन थिएटरकडे.

मी बाकावरच बसून राहिले. मग बाजूनं एक ढकलगाडी गेली. त्यावर एक बाई होती, माझ्याच वयाची. ती वॉर्डबॉयला विचारत होती, "फार वेळ लागेल का हो?" मी उठले.

प्रमुख म्हातारे गृहस्थ आहेत. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "फार गंभीर आरोप आहे. तुम्हाला इतकी खात्री कशी?"

"मी पण तसंच प्यायचे," मी म्हटलं. परक्या माणसासमोर पहिल्यांदा. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला असावा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, फोन उचलला आणि म्हणाले, "पहिला पेशंट आत घेऊ नका. मी माणूस बदलतो आहे."

तिला बोलावलं. दारात आम्ही समोरासमोर आलो. ती मला वाट देऊन आत गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तपासणीत निघालं. सकाळी, कामावर येण्याआधी घेतलेलं. कामावरून थांबवलं आहे. उपचार पुरे केले आणि वैद्यकीय मंडळानं परवानगी दिली तरच परत. परवाना अजून गेलेला नाही, असं प्रमुखांनी मला सांगितलं. ते सांगायला ते काही बांधील नव्हते.

टोळीत बातमी पसरली. वकिलानं फोन करून मला झापलं, "घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंस! आधी आमच्याशी बोलायचंस. वीस वर्षांची मैत्री, आणि तू चुगलखोर निघालीस." वर म्हणाला, "आणि एवढी सोवळी आहेस तर स्वतःचं पिणं आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते?" लांबू बोलतच नाही. मास्तरांनी मात्र एका ओळीचा निरोप पाठवला: "मला दोन वर्षांपासून संशय होता. मी गप्प बसलो."

भूलवालीचा फोन बंद आहे. दिवे लागतात का बघायला मी तिच्या रस्त्यावरून मुद्दाम जाते. लागतात. तेवढ्यानं त्या दिवशीचा घास गिळता येतो. पण दिवा काय, लावून ठेवलेलाही असू शकतो, नाही का?

मी बरोबर केलं ना, आत्या?

खारूताई

२८ नोव्हेंबर

खारूताईस,

ढकलगाडीवरची ती बाई घरी गेली असेल. जेवली असेल. मीठ कमी पडलं म्हणून कुणावर तरी चिडलीही असेल. तुझं नाव तिला कधी कळणार नाही. बरोबर केलंस की नाही, ते मला विचारू नकोस, तिच्याकडे बघ.

भूलवाली तुझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही. तूही माझ्याशी किती दिवस बोलत नव्हतीस, आठव. एकाच घरात राहून. मी ताट वाढून दारापाशी ठेवायची आणि तू मी गेल्यावर उचलायचीस. मी तेव्हा शहाणपणाचं काही केलं असं तुला वाटतं? मला काही सुचत नव्हतं म्हणून स्वयंपाक करत होते.

तिच्या मागे लागू नकोस. पण तुझा फोन बंद ठेवू नकोस. आणि तू स्वतः नीट जेव. घाबरलेल्या माणसानं उपाशी राहायचं नसतं.

जावईबापूंचं पत्र आलं. चार ओळी, पण अक्षर सुरेख आहे.

आत्या

१६ डिसेंबर

प्रिय आत्या,

काल दुपारी भूलवालीचा फोन आला. मी एका लहान मुलीच्या कानात नवं यंत्र बसवत होते. नाव दिसलं आणि यंत्र हातातून पडता पडता राहिलं. मुलीच्या आईला म्हटलं, एक मिनिट थांबा, आणि मागच्या खोलीत पळाले.

"मी आहे," ती म्हणाली. आवाज खरखरीत, झोपून उठल्यासारखा. "आधी एक सांगते. मला तुझा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"उपचार सुरू आहेत. सकाळ जाते. दुपारही जाते. संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं, ते सांग."

आत्या, मी बघ किती वेंधळी, मला काहीच आठवेना. तुझ्याकडे असताना सहा ते आठ मी काय करत होते? चालायचे का? तुझ्याशी भांडायचे का? मी म्हटलं, "मला सांगता येत नाही. मी येऊ का?"

मागून तिच्या घड्याळाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बोलायचं नाही. नुसतं बसायचं असेल तर ये."

सहाला गेले. तिनं दार उघडलं आणि आत निघून गेली. बारीक झाली आहे. खोलीभर पुस्तकं उपसून ठेवली होती, फडताळं रिकामी. ती एकेक पुस्तक पुसत होती. मी कोट काढला, दुसरं फडकं घेतलं आणि समोर बसून पुसायला लागले. एकदा तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन कोरडं दिलं, कारण माझं ओलं होतं. त्या दोन तासांत तेवढंच काय ते. सातच्या सुमाराला तिचे हात फार कापायला लागले. मी बघितलं नाही असं दाखवलं. तिनं हात गुडघ्यांखाली दाबून धरले, थांबली आणि पुन्हा पुसायला लागली.

आठ वाजले तशी ती म्हणाली, "जा आता."

मी कोट घातला. दारापर्यंत आले. ती पाठ करून फडताळाशी उभी होती. मला वाटलं, काहीतरी म्हणावं. म्हटलं नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

जिन्यावर चार पायऱ्या उतरले असेन, तेवढ्यात मागून दार उघडलं.

"उद्या स्वतःचं फडकं घेऊन ये," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता साडेपाच होत आले आहेत. पत्र इथेच सोडते. हा गाडी काढतो आहे. आज ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. उघडलं नाही तर जिन्यावर बसेन आठपर्यंत.

तुझी,
खारूताई